‘इन्शाअल्लाह’ म्हणजे हो की नाही? मुंब्र्याच्या काउंटरवरून आलेला एक प्रश्न

नौपाड्यात राहणाऱ्या एका ताईंची तीन महिन्यांपूर्वी मुंब्र्यातल्या बँकेच्या शाखेत बदली झाली. त्यांनी विचारलंय: “हप्ता कधी भरणार म्हटलं की लोक ‘इन्शाअल्लाह सोमवारी’ म्हणतात. म्हणजे भरणार की टाळणार? माशाअल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, जजाकल्लाह हे कधी म्हणतात, आणि मी म्हटलं तर चालेल का? परवा एका खातेदाराचा मुलगा वडील गेल्याचं सांगायला आला. काय बोलावं ते मला सुचलंच नाही. आई सहीला येऊ शकत नाही, इद्दतमध्ये आहे, असंही तो म्हणाला. मी नुसती मान डोलावली. हे सगळं कुणाला विचारायचं?”

ताई, विचारलंत ते बरं केलंत. मी राबोडीत राहते. आमचं मूळ घर तळोज्याकडचं, बोली कोकणी मराठी. गेली 26 वर्षं उर्दू कागदांचं मराठी करण्याचं काम करते. निकाहनामे, तलाकनामे, हिबानामे, वारसांचे कागद असं सगळं माझ्या टेबलावर येतं आणि तिथून कोर्टात, तहसीलमध्ये, बँकेत जातं. एका शब्दाचा अर्थ चुकला तर माणसाचं किती नुकसान होतं ते जवळून पाहिलंय, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

आधी तुमचा इन्शाअल्लाह. हे तीन अरबी शब्द आहेत: इन्, शाअ, अल्लाह. जर, इच्छिलं, अल्लाहने. “अल्लाहच्या मनात असेल तर.” बोलताना आपण त्याचं ‘इन्शाल्ला’ करतो. याचं मूळ कुराणात, 18व्या सूरहमध्ये (अध्यायात), म्हणजे सूरह कहफमध्ये आहे. 23 आणि 24 या आयतींत (वचनांत) सांगितलंय की ‘मी हे उद्या करीन’ असं कशाहीबद्दल म्हणू नका, अल्लाहच्या इच्छेची जोड दिल्याखेरीज. म्हणून श्रद्धाळू माणूस उद्याची गोष्ट नुसती बोलतच नाही. शब्द देताना तो एवढंच कबूल करतो की उद्याचा दिवस माझ्या हातात नाही. तुमच्या घरातल्या एखाद्या आजी म्हणतात ना, “पांडुरंगाच्या मनात असेल तर यंदा आषाढीला जाईन.” त्या जायचं टाळतायत असं कुणाला वाटत नाही. त्यांची पिशवी भरून तयार असते.

आता खरं तेही सांगते. टाळाटाळ करायला हा शब्द वापरणारेही आहेत, आणि त्याचा आम्हालाच जास्त त्रास होतो. माझी दादी भडकायची. “यायचं नसेल तर नाही म्हण, अल्लाहला मध्ये कशाला घालतोस?” असं तोंडावर सुनवायची. धर्माच्या दृष्टीनेही ते चूकच आहे, कारण दिलेला शब्द पाळणं हे फार मोठं कर्तव्य मानलं जातं. मग ओळखायचं कसं? शब्दाकडे बघू नका, आजूबाजूला बघा. “इन्शाअल्लाह सोमवारी पगार झाला की अकरापर्यंत येतो,” असं म्हणणारा माणूस येतो. नुसतं “हां हां, इन्शाअल्लाह” आणि पाय दरवाज्याकडे वळलेले, तर तुम्ही शांतपणे तारीख आणि वेळ विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही. आणखी एक खूण म्हणजे हा शब्द फक्त पुढच्या गोष्टीसाठी आहे. जे होऊन गेलंय त्याला इन्शाअल्लाह लागत नाही.

होऊन गेलेल्याला लागतं अल्हम्दुलिल्लाह. “सारी स्तुती अल्लाहची.” कुराणाची पहिली सूरह, फातिहा, तिच्यात बिस्मिल्लाहनंतर लगेच हेच शब्द येतात, म्हणून प्रत्येक नमाजी माणसाच्या तोंडात ते दिवसातून कितीतरी वेळा असतात. “कसे आहात?” याचं उत्तर अल्हम्दुलिल्लाह. जेवण झालं, अल्हम्दुलिल्लाह. कर्ज फिटलं, अल्हम्दुलिल्लाह. आजारी माणूसही तेच म्हणतो, आणि तिथे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. डायलिसिस करून आलेले चाचा काउंटरवर “अल्हम्दुलिल्लाह” म्हणतात तेव्हा तब्येत ठणठणीत आहे असा त्याचा अर्थ नाही. तक्रार नाही, एवढाच आहे. त्यांना बसायला खुर्ची द्या. शिंक आल्यावरही शिंकणारा अल्हम्दुलिल्लाह म्हणतो आणि ऐकणारा “यरहमुकल्लाह”, म्हणजे अल्लाह तुझ्यावर दया करो. मराठी घरांत लहान मूल शिंकलं की “शतंजीव” म्हणतात, तसंच.

माशाअल्लाह म्हणजे “अल्लाहने इच्छिलं ते झालं”. डोळ्यांसमोर काही छान दिसलं, मुलगी पहिली आली, नवं घर घेतलं, बाळ गुटगुटीत आहे, की हे म्हणायचं. कौतुक करायचं आणि त्याच दमात श्रेय देणाऱ्याकडे सोपवायचं. म्हणून दृष्ट लागत नाही अशी भावना आहे. तुम्ही बाळाचं कौतुक करून कानशिलांवर बोटं मोडता, तशीच. एखाद्या आईसमोर तिच्या बाळाला नुसतं “किती जाडजूड आहे!” म्हणालात तर ती कसनुशी हसेल. पुढे माशाअल्लाह जोडलंत तर तिचा चेहरा उजळेल. करून बघा.

जजाकल्लाह खैर म्हणजे “अल्लाह तुम्हाला याचं चांगलं फळ देवो”. आभारच, पण “मी परतफेड करू शकत नाही, तो करील” असे आभार. बाईला उद्देशून व्याकरणाने ‘जजाकिल्लाह’ होतं, पण मुंब्र्यात तो फरक पाळणारे थोडे. उत्तरादाखल “आमीन” म्हणा. तुमच्या भाषेत तथास्तु. सुभानअल्लाह हे आश्चर्याचं आणि स्तुतीचं. अस्तगफिरुल्लाह हे क्षमा मागण्याचं. नऊजुबिल्लाह म्हणजे “अल्लाहचा आसरा मागतो”, काही भलतंच ऐकलं की तोंडातून निघतं.

तुम्ही म्हटलं तर चालेल का? चालेल, अगदी मोकळेपणाने. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोकही इन्शाअल्लाह आणि अल्हम्दुलिल्लाह म्हणतात, कारण ती त्यांच्या रोजच्या बोलण्यातली भाषा आहे. पण म्हणायलाच हवं असंही नाही. “देवाची कृपा” म्हणालात तरी समोरच्याला पोचतं. सलामाचं मात्र जरा सांगते. अस्सलामु अलैकुम म्हणजे “तुम्हां सर्वांवर शांती असो”. त्यातला ‘कुम’ अनेकवचनी आहे. उत्तर: व अलैकुमुस्सलाम, “आणि तुमच्यावरही.” घाईत काही लोक त्याचं ‘सामालेकुम’ करून टाकतात, ते करू नका. अरबीत ‘साम’ म्हणजे मृत्यू. तिथला ‘ला’ खाल्ला तर आशीर्वादाचा शाप होतो. स-ला-म, तीन अक्षरं नीट उच्चारा. ते जमत नसेल तर हसून नमस्कार म्हणा, आमच्यातली जुनी माणसं तो आनंदाने घेतात.

तुमच्या काउंटरवर आणखी एक गोष्ट दिसत असेल. काहीजण चेक किंवा स्लिप भरण्याआधी कोपऱ्यात बारीक 786 लिहितात, नोटेच्या नंबरात 786 आलं तर ती जपून ठेवतात. ते आकडे बिस्मिल्लाहचे आहेत. “बिस्मिल्लाह हिर्रहमान निर्रहीम”, म्हणजे अत्यंत कृपाळू, अत्यंत दयाळू अशा अल्लाहच्या नावाने. अरबीत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत देण्याची एक जुनी पद्धत आहे, अबजद म्हणतात तिला. या वाक्यातल्या अक्षरांची बेरीज 786 होते. अल्लाहचं नाव लिहिलेला कागद पायदळी पडू नये म्हणून लोक शब्दांऐवजी आकडा लिहू लागले. बऱ्याच उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, ही पद्धत मान्य नाही, आणि मला स्वतःलाही शब्दच बरे वाटतात, पण लिहिणाऱ्याचा भाव समजून घ्या. तुमच्या आजोबांनी पत्राच्या माथ्यावर “श्री” लिहिलं असेल, तोच हा भाव. तुम्ही कामाचा श्रीगणेशा करता, आम्ही बिस्मिल्ला करतो. कुराणाच्या 114 सूरहांपैकी 113 बिस्मिल्लाहने सुरू होतात. फक्त नववी, सूरह तौबा, तेवढी होत नाही.

आणि हे शब्द तुम्हाला परके वाटत असतील तर तुमचंच टेबल बघा. कर्ज, रक्कम, जमा, बाकी, वसूल, जामीन, मुदत, तारीख, हिशेब. हे सगळे अरबी आहेत. अनामत तर ‘अमानत’च आहे, विश्वासाने सोपवलेली वस्तू. ज्या धातूपासून तुमचा ‘जमा’ आला त्याच धातूपासून जुमा आला, लोक एकत्र जमतात तो वार. जमातही तिथलीच. ‘बाकी’ हे तर अल्लाहच्या 99 नावांपैकी एक आहे: जो शेवटी उरतो तो. तुमच्याकडे कुणी अब्दुल बाकी नावाचे खातेदार असतील तर त्यांच्या नावाचा अर्थ “त्या अविनाशी उरणाऱ्याचा सेवक” असा आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकते, कारण बँकेत याच्यावरून रोज अडतं. ‘अब्दुल’ हे पूर्ण नाव नाही. अब्द म्हणजे सेवक, उल म्हणजे ‘त्या…चा’. अब्दुल रहमान, अब्दुल करीम. पुढचं नाव अल्लाहचं असतं. फॉर्मवर ‘अब्दुल’ पहिलं नाव आणि ‘रहमान’ आडनाव असं तोडलं की अर्थ मोडतो, आणि आधार कार्डाशी मेळही बसत नाही. बायकांच्या नावापुढचे बी, बेगम, बानो, खातून हे मानाचे शब्द आहेत, आडनाव नव्हे. एकाच बाईच्या तीन कागदांवर ‘शाहीन बेगम’, ‘शाहीन बी’ आणि नुसतं ‘शाहीन’ असं सापडलं तर ती तीन माणसं नसतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रतिज्ञापत्रांपैकी कितीतरी फक्त एवढ्या एका कारणासाठी असतात. गरीब बाईचा दिवसाचा रोज आणि स्टॅम्पपेपरचे पैसे त्यात जातात.

आता त्या मुलाकडे येऊ.

मृत्यूची बातमी ऐकली की मुसलमान म्हणतो, “इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.” कुराणाची दुसरी सूरह, आयत 156. “आपण अल्लाहचेच आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार आहोत.” ‘राजिऊन’ म्हणजे परतणारे. हे फक्त मरणावर म्हणायचं असं नाही. आयतीत संकट आल्यावर म्हणायला सांगितलंय, त्यामुळे पाकीट हरवलं, दुकान जळलं तरी म्हणतात. पण मरणाच्या घरात त्याचं वजन वेगळं असतं. माझे वडील गेले तेव्हा दारातून येणारा प्रत्येकजण हेच शब्द हळू आवाजात म्हणत होता, आणि त्या सततच्या पुटपुटण्यानेच मला पहिल्यांदा रडू फुटलं. त्या मुलासमोर तुम्हाला हे सगळं म्हणायची गरज नव्हती. “फार वाईट झालं. अल्लाह तुम्हाला सबर देवो,” एवढं पुरतं. सबर म्हणजे धीर धरून सहन करणं. मराठीत आपण ‘सबुरी’ म्हणतो, शिर्डीच्या भक्तांना तो शब्द सांगायला नको.

त्याने “अब्बूचं इंतकाल झालं” असं म्हटलं असेल. इंतकाल म्हणजे मूळ अर्थाने स्थलांतर, इकडून तिकडे जाणं. जनाजा, कफन, दफन हे तुम्हाला माहीत असेलच. गुस्ल म्हणजे मयताला घालायची आंघोळ. आणि मय्यत? तो शब्द तुमच्या सरकारी मराठीत पूर्वीपासून बसलाय: “मयत खातेदार”, “मयताचे वारस”. मयत अरबी, वारसही अरबी. त्या घरात जो शब्द रडत रडत उच्चारला जातो, तोच तुमच्या फॉर्मवर छापलेला आहे.

एक विनंती. मुसलमान मयताच्या नावाआधी ‘कै.’ किंवा ‘स्व.’ लिहू नका. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असतो हे मला माहीत आहे, पण कैलासवासी म्हटलेलं घरच्यांना टोचतं आणि ते संकोचाने बोलत नाहीत. ‘मरहूम’ लिहा, बाईंसाठी ‘मरहूमा’. अर्थ: ज्यांच्यावर रहम, दया झाली ते. रहमान, रहीम, रहम, मरहूम हे एकाच धातूचे शब्द आहेत, आणि आईच्या गर्भाशयाला अरबीत ‘रहिम’ म्हणतात तोही त्याच कुळातला. ते लिहायला बिचकत असाल तर नुसतं ‘दिवंगत’ चालेल.

इद्दत. या शब्दाचा मूळ अर्थ मोजणं, मोजलेले दिवस. पती वारल्यावर पत्नीची इद्दत चार महिने दहा दिवस; कुराणात दुसऱ्या सूरहच्या 234व्या आयतीत हे स्पष्ट आहे. ती गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत. तलाकनंतरची वेगळी, तीन मासिक पाळ्यांच्या हिशोबाने. हा काळ शोकाचा, आणि गर्भ आहे की नाही हे निश्चित होण्याचाही. या दिवसांत ती पुन्हा लग्न करत नाही, साजशृंगार करत नाही आणि पतीच्या घरातच राहते.

“घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही” असं सरसकट समजू नका. दवाखाना, पोटापाण्याचं काम, टाळता न येणारी निकड यांसाठी विधवेला दिवसा बाहेर पडायची मुभा बहुतेक विद्वान देतात. पण घराघरांत कडकपणा कमी-जास्त असतो, आणि नुकत्याच नवरा गेलेल्या बाईशी शास्त्रार्थ करायची ती वेळ नव्हे. मी एका शाखेत पाहिलं होतं. नाव घेत नाही. काउंटरमागचा माणूस तिच्या भावाला म्हणाला, “चार महिने सुट्टीवर आहेत का बाई?” तो भाऊ काही बोलला नाही, कागद घेऊन निघून गेला. पुढे सहा महिने त्या घराचा पेन्शनचा दावा अडकला, कारण परत त्या दारात जायला कुणी तयार नव्हतं. तुम्ही असं करणार नाही हे तुमच्या प्रश्नावरूनच कळतं. शाखेतून कुणी घरी जाऊन सही घेऊ शकत असेल तर शक्यतो महिला कर्मचारी पाठवा. जमत नसेल तर मुलाला बाकीच्या कागदांची यादी आजच द्या, म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांचे पुरावे हे सगळं तोवर जमेल.

तुमच्याकडे कर्जाच्या नाहीतर नॉमिनीच्या फायलीत निकाहनामाही येत असेल. त्यावर मी तासभर बोलू शकते. छापील उर्दू फॉर्म, हाताने भरलेले रकाने, बहुतेक वेळा फिक्या शाईतले. त्यातला ‘वकील’ म्हणजे काळा कोट घातलेला वकील नव्हे. वधूची संमती घेऊन ती काजीपर्यंत पोचवणारा तो वकील, बहुधा मामा किंवा काका. एका कार्यालयात त्या रकान्यासमोर सनद क्रमांक मागितलेला मी पाहिलाय. ‘ईजाब’ म्हणजे प्रस्ताव आणि ‘कबूल’ म्हणजे स्वीकार. या दोन्हींशिवाय, साक्षीदारांशिवाय निकाह होत नाही.

आणि मेहर. कृपा करून त्याचं मराठीत ‘हुंडा’ करू नका. हुंडा मुलीकडून जातो. मेहर नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो आणि तो फक्त तिचा असतो. ना सासरचा, ना माहेरचा. तो पोटगीही नव्हे. बायकोचं नवऱ्यावरचं ते कर्ज आहे, आणि तो न देता वारला तर वारसांत वाटणी करण्याआधी त्याच्या मालमत्तेतून आधी ते फेडायचं असतं.

यातली सगळ्यात अवघड जागा मी तुम्हाला दाखवते. मेहरच्या रकमेपुढे एक शब्द असतो: मुअज्जल. एक मुअज्जल ‘ऐन’ या अक्षराने लिहितात. त्याचं मूळ घाई, म्हणजे ताबडतोब, बायकोने मागताच द्यायचा मेहर. दुसरा मुअज्जल लिहितात वाव या अक्षरावर हमजाचं चिन्ह देऊन. त्याचं मूळ मुदत, म्हणजे नंतर द्यायचा, तलाक किंवा मृत्यूच्या वेळी. देवनागरीत दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि आपल्याकडच्या उच्चारातही फरक उरत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका मुलीचा निकाहनामा आला. आधीच्या अनुवादात नुसतं “मेहर 21,000 रुपये (मुअज्जल)” असं लिहिलेलं. तिचं म्हणणं की मागताच मिळायला हवा, नवऱ्याकडचे म्हणत होते की मुदतीचा आहे. मूळ कागद मी खिडकीपाशी नेऊन भिंग लावून पाहिला. काजीसाहेबांची लेखणी भरभर चाललेली, पण शब्दाच्या पोटात ऐन अक्षराचं छोटं वळण स्पष्ट होतं. ताबडतोबचा. त्या दिवसापासून मी मराठीत ‘मुअज्जल’ हा शब्द एकटा कधीच लिहीत नाही. ‘मागताच देय’ किंवा ‘मुदतीने देय’ असं पुढे लिहितेच. तुमच्यासमोर असा अनुवाद आला तर तुम्हीही विचारा, कुठला?

तशीच फसगत ‘खुला’ या शब्दाची होते. बायकोने मागितलेली, बहुधा मेहर सोडून देऊन घेतलेली फारकत म्हणजे खुला. मराठी ‘खुला’शी त्याचा संबंध नाही, ‘खुलानामा’चं भाषांतर ‘खुले पत्र’ असं झालेलं माझ्या पाहण्यात आलंय. हिबा म्हणजे हयातीत दिलेलं बक्षीस: देणाऱ्याने जाहीर करायचं, घेणाऱ्याने स्वीकारायचं आणि ताबा द्यायचा. वक्फ म्हणजे अडवून ठेवलेलं, कायमचं धर्मादाय केलेलं. त्याची देखभाल करणारा तो मुतवल्ली.

काही ग्राहक तुम्हाला सांगतील, “मॅडम, व्याज नको.” रिबा, म्हणजे कर्जावरची वाढ, इस्लाममध्ये हराम आहे, उर्दूत सूद म्हणतात. कुणी त्यासाठी चालू खातंच उघडतात, कुणी बचत खात्यावर जमलेलं व्याज काढून गरिबाला देऊन टाकतात. तेही सवाबची, म्हणजे पुण्याची अपेक्षा न ठेवता, कारण ते पैसे आपले नव्हेतच असं मानलं जातं. रमजानात मोठ्या रकमा निघतात त्यामागे बऱ्याचदा जकात असते. शिल्लक संपत्ती निसाबच्या वर असेल आणि त्यावर चांद्र वर्ष उलटलं तर तिच्या अडीच टक्के देणं बंधनकारक आहे. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं, 87.48 ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, 612.36 ग्रॅम. आपल्या आईवडिलांना किंवा मुलांना जकात देता येत नाही, त्यांना सांभाळणं हे मुळातच कर्तव्य आहे. ऐच्छिक दानाला सदका म्हणतात. ईदच्या नमाजाआधी माणशी द्यायचा तो फितरा.

आता ज्या शब्दांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जे तुम्ही रोज पेपरात वाचता, त्यांच्याबद्दल थोडं. मला ते बोलल्याशिवाय राहवणार नाही.

“अमक्या पक्षाने फतवा काढला,” असं मराठी बातमीत सर्रास येतं. फतवा म्हणजे हुकूम नव्हे. कुणी प्रश्न विचारला, मुफ्तीने धर्मशास्त्र पाहून मत दिलं, ते मत म्हणजे फतवा. तुमचा प्रश्न आणि माझं हे उत्तर, यांच्यात जे नातं आहे तेवढंच. फक्त तो अधिकार माझा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2014 साली सांगितलंय की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही.

अल्लाहु अकबर ही घोषणा सिनेमात स्फोटाच्या आधी ऐकू येते. आमच्या घरात ती बाळाच्या उजव्या कानात ऐकू येते, जन्मल्यावर पहिल्यांदा, अजानच्या रूपाने. “अल्लाह सर्वांहून मोठा.” दिवसाच्या पाच फर्ज (बंधनकारक) नमाजांच्या 17 रकातींत (आवर्तनांत) मिळून ती 94 वेळा म्हटली जाते, वाकताना, उठताना, कपाळ टेकताना. जनाजाच्या नमाजात चार वेळा. ज्या अजानने तुमच्या शाखेतली दुपार भरते तिच्यात पुढे “हय्या अलस्सलाह, हय्या अलल फलाह” येतं: नमाजकडे या, कल्याणाकडे या. पहाटेच्या अजानमध्ये एक जास्तीची ओळ असते, “झोपेपेक्षा नमाज चांगली.”

हराम हा शब्द मराठीत शिवीपुरता उरलाय. अरबीत त्याच धातूचा हरम, मक्केची पवित्र मशीद. एहराम, हाजींचं वस्त्र. मोहरम, वर्षाचा पहिला महिना. ज्याला हात लावायचा नाही ते: एक पवित्र म्हणून, दुसरं निषिद्ध म्हणून. काफिर हा मुळात झाकणारा, सत्य झाकणारा. कुराणात एके ठिकाणी, 57व्या सूरहच्या 20व्या आयतीत, बी मातीत झाकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हाच शब्द आलाय असं भाष्यकार सांगतात. शेजाऱ्याला हिणवायला तो वापरणं मला माझ्या वडिलांनी कधी करू दिलं नाही. जिहाद म्हणजे पराकाष्ठेचा प्रयत्न. त्याचा एक अर्थ युद्ध हा आहे, एकमेव नाही.

आणि उरूस! हा तर मराठीच झालाय. गावोगाव उरूस भरतो, पाळणे लागतात. मूळ अरबी ‘उर्स’ म्हणजे लग्न. पीराची पुण्यतिथी ती, पण त्या दिवशी त्यांचं परमेश्वराशी मीलन झालं म्हणून तिला लग्न म्हटलं. कल्याणजवळच्या मलंगगडावर गेलात तर हा शब्द हिंदू-मुसलमान दोघांच्या तोंडी ऐकाल.

तर त्या आई. वडील कधी गेले ती तारीख मुलाच्या अर्जावर असेलच. इद्दत चांद्र महिन्यांनी मोजतात, महिना कधी 29 चा, कधी 30 चा, म्हणून तुम्ही तुमच्या डायरीत 130 दिवस धरा, कमी पडणार नाहीत. मुलाला “आई कधी येणार?” असं विचारू नका, “इद्दत कधी पुरी होतेय?” असं विचारा. तो म्हणेल, “इन्शाअल्लाह अमक्या तारखेला.” ती तारीख लिहून घ्या. त्या येतील त्या दिवशी रांगेतून पुढे बोलवा, पाणी द्या. फॉर्मवर पतीच्या नावाआधी ‘कै.’ छापलेलं असेल तर त्यांच्यासमोर कागद ठेवण्याआधी ते खोडा आणि बाजूला ‘मरहूम’ लिहा. मग सहीची जागा दाखवा.